सह्याद्री राहू द्या, आधी खाजागुड्याला चला

मागच्या अंकासाठी आलेल्या कविता वाचून निवडायचं काम माझ्याकडे होतं. १९ कविता आल्या होत्या. त्यांतल्या ७ सह्याद्रीवर होत्या. कडे, कपारी, धुकं, पावसाळी वाटा, कोकणकडा, सगळं यथास्थित. एका कवितेत तर करवंदाची जाळीही होती. कविता बऱ्या होत्या, आपण त्या छापल्याही. पण अंक निघाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या ७ जणांपैकी ५ जण काचीगुडा-बरकतपुऱ्यात वाढलेले, एक मौला-अलीचा आणि सातवी मी. आमच्यापैकी कोणीही कोकणकडा पाहिलेला नाही. मी सह्याद्री पाहिला तो हुसेनसागर एक्स्प्रेसच्या खिडकीतून, लोणावळ्याच्या घाटात. आणि एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मावशीबरोबर सिंहगडावर, तोही गाडीने वरपर्यंत. भजी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं, उतरलो. त्या भांडवलावर मी २४ ओळी लिहिल्या.

मौला-अलीचा आमचा कवी रोज मौला-अलीच्या डोंगराखालून बसने कॉलेजला येतो. एवढा थोरला गुळगुळीत कातळ, वर दर्गा, पायऱ्यांवर माणसांची रांग. त्याची कविता मात्र हरिश्चंद्रगडावर. मी त्याला विचारलं, "अरे, तुझ्या घरामागे डोंगर आहे ना?" तर म्हणाला, "तो कुठला डोंगर, तो तर गुट्टा आहे."

या एका वाक्यावर मला आज लिहायचं आहे. डोंगर म्हटला की आपल्याला महाराष्ट्रातला लागतो. हैदराबादचा असतो तो गुट्टा, पहाड, बंडा, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी. आणि जे आपलं नाही ते फुटलं काय, राहिलं काय, आपण त्यावर लिहीत नाही. माझं म्हणणं असं आहे, की हे आपलंच आहे, आणि त्यावर न लिहिणं ही आपल्या वाङ्मय मंडळाची मोठी चूक आहे. चूक म्हणताना मी स्वतःला आधी धरते.

थोडी माहिती सांगते, कारण मलाही ती दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हती. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर साचून थिजला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आपल्या हैदराबादचा ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांचा. म्हणजे ज्या सह्याद्रीला आपण अनादी वगैरे म्हणतो, त्याच्यापेक्षा बंजारा हिल्सचा दगड सदतीस-अडतीस पट म्हातारा आहे. तो जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, म्हणून त्याचे स्फटिक डोळ्यांनी दिसतात. गुलाबी, पांढरे, करडे, मध्ये अभ्रकाचे काळे चमकते कण. कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर ऊन पडलं की बघा.

आणि ते एकावर एक ठेवल्यासारखे दगड? लहानपणी आजी सांगायची, राक्षसांनी खेळून तसेच टाकले. खरी गोष्टही तितकीच मजेदार आहे. ते कोणीच रचलेले नाहीत. ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. जमिनीखाली असतानाच त्या भेगांतून पाणी झिरपतं, दगडाच्या कडा आणि कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा हळूहळू गोळा होतो. पुढे लाखो वर्षांच्या पावसाने वरची आणि मधली माती वाहून जाते. गोळे जिथल्या तिथे एकमेकांवर बसलेले राहतात. म्हणजे वरचा दगड खालच्यावर येऊन पडलेला नाही, दोघे मुळापासून शेजारी आहेत. म्हणूनच एकदा फोडला की संपलं. झाडासारखा तो परत लावता येत नाही.

आता मी इथवर कशी पोचले ते सांगते. वसतिगृहातली माझी एक तेलुगू मैत्रीण भोंगीरची. भोंगीर म्हणजे भुवनगिरी, इथून ५० किलोमीटरच्या आसपास. तिथला किल्ला एकाच अवाढव्य दगडावर बसलेला आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, त्रिभुवनमल्ल, त्याच्या नावावरून त्रिभुवनगिरी आणि मग भुवनगिरी. त्या दगडावर गिर्यारोहण शिकवतात. तेलंगणाची मालावत पूर्णा तिथेच पहिल्यांदा दगडाला चिकटली आणि २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोचली. तेव्हा तिचं वय होतं १३ वर्षं ११ महिने. आईवडील शेतमजूर, ती सरकारी समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारी. हे मुद्दाम सांगते. कारण गिर्यारोहण म्हणजे महागडे बूट घालणाऱ्यांचा छंद असं माझ्या घरी अजूनही म्हणतात.

तर या मैत्रिणीने मला एका रविवारी सकाळी खाजागुड्याला नेलं. गच्चीबौलीकडे जाताना काचेच्या इमारतींच्या मध्ये जो दगडांचा ढीग दिसतो, तोच. फखरुद्दीन गुट्टाही म्हणतात त्याला. तिथे शहरातले आरोहक बोल्डरिंग करतात. म्हणजे दोर न लावता, फार उंच नसलेल्या दगडावर चढायचं, खाली जाड गादी टाकायची आणि पडलो तर त्या गादीवर पडायचं. मी पहिल्या दिवशी ११ वेळा पडले.

चढण्याबद्दल माझी कल्पना अशी होती, की हातांनी ओढून वर जायचं. सह्याद्रीच्या कातळात म्हणे थरांमुळे आडव्या पायऱ्या मिळतात, पकडी मिळतात, पण त्या हातात निघून येण्याचीही भीती असते. आपल्या ग्रॅनाइटवर बऱ्याच ठिकाणी पकड अशी काही नसतेच. तिरका, गोटा कातळ. बुटाचा चवडा दाबून उभं राहायचं आणि घर्षणावर भरवसा ठेवायचा. घाबरून दगडाला पोट चिकटवलं की पाय घसरतो. शरीर दगडापासून लांब, वजन पायावर, तेव्हाच पाय टिकतो. "मीद पडकु," मैत्रीण खालून ओरडत होती, म्हणजे अंगावर पडू नकोस. दगडाच्या अंगावर. दुपारी घरी गेले तेव्हा बोटांची सालटी गेली होती, वरणभाताला हात लावता येईना. आजी म्हणाली, "हे काय नवीन? नक्को हे असलं." आमच्या घरच्या मराठीत 'नको' केव्हाच 'नक्को' झालाय. तो आपल्याकडूनच दखनीत गेला आणि तिथून जाड होऊन परत आला.

त्यानंतर मी जात राहिले. आणि चढायला लागल्यावर एक झालं, की दगड दिसायला लागले. त्याआधी मी रोज त्यांच्यासमोरून जात होते, पण मला ते दिसत नव्हते.

दिसायला लागले तसे न दिसणारेही जाणवायला लागले. मी ज्या तिरक्या कातळावर पहिल्यांदा वरपर्यंत गेले, तो खाजागुड्यावर नव्हता. आमच्या काकांच्या नव्या फ्लॅटजवळच्या एका मोकळ्या जागेत होता. पुरुषभर उंचीचा, हत्तीच्या पाठीसारखा. त्याला कोणीही नाव ठेवलेलं नव्हतं, आम्ही दोघी 'हत्ती' म्हणायचो. मागच्या दिवाळीत गेले तर पत्र्याचं कुंपण, आत खोदकाम, खडीचा ढीग. हत्ती नव्हता. मी काकूला विचारलं, "इथला तो मोठा दगड कधी फोडला?" काकू म्हणाली, "कोणता दगड?" काकू तिथे ४ वर्षं राहते. तिचा दोष नाही. त्या दगडाला नाव नव्हतं, म्हणून तो गेल्याची बातमीही झाली नाही.

नाव असण्याने काय होतं याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. १९९६ मध्ये इथल्या काही लोकांनी 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था काढली. इतिहासकार नरेंद्र लूथर आणि जन्माने जर्मन असलेल्या फ्राउके क्वाडर यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. लूथरांनी या दगडांवर 'रॉक्युमेंटरी' नावाचा माहितीपटही काढला. या लोकांनी आधी काय केलं? फिरले, पाहिले, नोंदवले. बेअर्स नोज, मशरूम रॉक, टोडस्टूल, ओबेलिस्क, मॉन्स्टर रॉक, क्लिफ रॉक अशी नावं नकाशावर आणली. त्यांच्या खटपटीतून ९ ठिकाणचे खडक शहराच्या वारसा यादीत आले. शिल्पारामममध्ये गेलात तर अस्वलाच्या नाकासारखा दगड बघा, तो याच यादीतला. २०२५ च्या मार्चअखेरीस कांचा गच्चीबौलीच्या ४०० एकरांत बुलडोझर आले, हैदराबाद विद्यापीठाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्या वादात झाडं, मोर, हरणं यांच्याबरोबर मशरूम रॉकचंही नाव निघालं. तो आधीपासून नोंदलेला होता म्हणून निघालं. 'हत्ती'साठी कोण भांडणार होतं? मी स्वतःही भांडले नाही. मला कळलंच दिवाळीत.

इथपर्यंत माझं म्हणणं सोपं होतं. खडक वाचवा, फोडणारे वाईट, चढणारे चांगले. पण खाजागुड्यावरच दोन गोष्टी घडल्या आणि ते तितकं सोपं राहिलं नाही.

पहिली गोष्ट. आम्ही ५-६ जण एका दगडावर चढत होतो. हाताला घाम येऊ नये म्हणून आरोहक खडूसारखी पांढरी पूड लावतात, तिचे ठसे दगडभर उठले होते. एक बाई पदराखाली ताट घेऊन बाजूला उभी होती. बराच वेळ उभी होती. आम्हाला वाटलं, बघतेय. मग एक म्हातारे गृहस्थ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, इस पत्थर पे जूते नक्को. इन चराग रखते यहाँ." आम्ही ज्या कोनाड्यात पाय रोवत होतो, तिथे तेलाचे काळे डाग होते. मी ते आधी पाहिले होते. मला वाटलं होतं, कोणीतरी शेकोटी केली असेल.

खाजागुड्याच्या टेकड्यांवर बाबा फखरुद्दीन औलियांचा दर्गा आहे, अनंत पद्मनाभ स्वामींचं देऊळ आहे आणि एक गुहा आहे. तिथे मेहेरबाबा येऊन राहिले होते असं इथले लोक सांगतात. मेहेरबाबा म्हणजे आपल्या पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळच्या मेहेराबादचे. म्हणजे त्या दगडांवर फारसी, तेलुगू, मराठी असे सगळे आमच्या कितीतरी आधी येऊन गेले. आणि आम्ही गादी टाकून असे बसलो होतो, की जणू जागा आम्हीच शोधून काढली. त्या दिवशी आम्ही ब्रश आणि पाणी आणून ठसे पुसले. त्या बाईने दिवा लावला. आम्हाला ती काही बोलली नाही आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट. त्याच टेकडीच्या सावलीला एक मध्यमवयीन माणूस डबा खायला बसायचा. जवळच्या इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन. आम्ही पडायचो तेव्हा हसायचा. एकदा मी विचारलं, "अण्णा, तुम्ही चढता का?" तो म्हणाला, आम्ही चढत नाही, आम्ही फोडतो. जातीने वड्डेरा. बाप, आजा, सगळे दगडावरचे. त्याने मला दगडावरची एक भेग दाखवली आणि म्हणाला ही पाण्याची. मग पलीकडे ओळीने पाडलेली बोटभर भोकं दाखवली आणि म्हणाला, ही आमची. भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या, घणाने क्रमाक्रमाने ठोकायच्या. दगडाची नस कळली तर तो पावासारखा सरळ कापला जातो. नस चुकली तर दिवस फुकट. आधीच्या पिढ्या दगडावर लाकडं पेटवून तो तापवायच्या आणि त्याचे पापुद्रे सोडवायच्या. हे सगळं सांगताना तो दगडावर तळहात फिरवत होता. आमच्यापैकी सगळ्यात चांगला चढणाराही चढण्याआधी असाच हात फिरवतो.

आता ब्रेकर यंत्रं आली, जिलेटिन आलं. हातांना काम राहिलं नाही, म्हणून वॉचमनची नोकरी. आमच्यातल्या एकाने त्याला 'सेव्ह रॉक्स'चा टी-शर्ट दाखवून समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम लोगां पत्थर बचा रै, अच्छी बात है. हमारे लोगां का काम गया सो कौन देखते?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

मी घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की तेलंगणातले वड्डेरा आणि महाराष्ट्रातले वडार हे नात्यातले. महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या राहूनही कित्येक वडार घरांत जी बोली बोलतात ती तेलुगूच्या जातकुळीची आहे. म्हणजे बघा, आपण तेलुगू मुलखात घरी मराठी बोलतो आणि ते मराठी मुलखात घरी तेलुगूसारखं बोलतात. आपल्याला आपल्या भाषेचं मंडळ आहे, अंक आहे, वार्षिक कार्यक्रमाला शाल-श्रीफळ आहे. त्यांच्या बोलीला यातलं काय मिळालं? आपण इथे अल्पसंख्य भाषिक म्हणून ज्या गोष्टींची तक्रार करतो, त्या त्यांच्या वाट्याला किती जास्त आल्या असतील याचा विचार मी त्याआधी कधी केलेला नव्हता.

आणि दगडकामाला या मातीत मान नव्हता असंही नाही. वरंगळकडचं रामप्पा देऊळ, १२१३ चं, २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ते देवाच्या किंवा राजाच्या नावाने ओळखलं जात नाही. रामप्पा हे शिल्पकाराचं नाव आहे असं सांगतात. हुसेनसागरातला बुद्ध रायगिरीजवळच्या एका अखंड ग्रॅनाइटमधून गणपती स्थपतींच्या हाताखाली घडला. नेताना बुडाला, माणसं गेली, पुन्हा काढला आणि १९९२ मध्ये उभा राहिला. आपल्यातले बरेच जण नाताळात मेदकच्या कॅथेड्रलला जातात. पॉझ्नेट यांनी ते दुष्काळाच्या दिवसांत बांधायला घेतलं, लोकांना काम आणि काम करणाऱ्याला अन्न मिळावं म्हणून. २५ डिसेंबर १९२४ ला ते खुलं झालं. त्याचा दगडही इथलाच. म्हणजे दगड फोडणं हे पाप आहे असं मी म्हणूच शकत नाही. तिथे त्या दगडाने माणसं जगवली आहेत.

मग कोणी मला विचारेल, आणि मंडळाच्या बैठकीत विचारलंच, की तुझं नक्की म्हणणं काय? फोडायचा की नाही फोडायचा? शहर वाढतंय, लोकांना घरं हवीत, रस्ते हवेत. तुझ्या काकांचा फ्लॅट कुठे उभा आहे? बरोबर आहे. काकांचा फ्लॅट फोडलेल्या दगडावर उभा आहे, काचीगुड्याचं आमचं जुनं घरही दगडाचं आहे. गोलकोंडा दगडाचा आहे, तोही दगडावर. नौबत पहाडावर तारांगण आहे, शेजारच्या टेकडीवर बिर्ला मंदिर. हैदराबादने नेहमीच दगडावर आणि दगडातून घर केलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की पूर्वी माणसाला नस पाहावी लागायची. कोणता फोडायचा, कोणता ठेवायचा, कुठे दिवा लागतो, हे बघून घण उचलावा लागायचा, कारण एक दगड म्हणजे कित्येक दिवसांची मेहनत होती. आता एका आठवड्यात टेकडी जाते. बघायला कोणाला वेळच नाही. म्हणून बघण्याचं काम दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवं. कोणता दगड काय आहे हे लिहिलेलंच नसेल तर कोणता ठेवायचा हे ठरवणार कसं?

आणि लिहिण्याचं काम कोणाचं? आपलं. वाङ्मय मंडळाचं.

आपल्याला हैदराबादच्या मराठीपणाचा फार अभिमान आहे. १९३१ चं साहित्य संमेलन इथे झालं, १९३७ मध्ये मराठी साहित्य परिषद इथे स्थापन झाली, हे प्रत्येक भाषणात येतं. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, म्हणून तर माझे आजोबा उदगीरहून शिकायला इथे आले. पण १९३१ च्या त्या संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्ञानकोशकार. ज्या माणसाने मराठीत नोंदी करण्याचं एवढं मोठं काम केलं, त्याला हैदराबादने अध्यक्ष केलं होतं. त्यांच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याला घरामागच्या दगडाची एक नोंद करता येऊ नये?

म्हणून मी मंडळापुढे काही सूचना ठेवते.

एक वही सुरू करू. 'दगडवही' म्हणू तिला. एका पानावर एक दगड. तो कुठे आहे, केवढा आहे, आसपासचे लोक त्याला तेलुगूत काय म्हणतात, दखनीत काय म्हणतात, आरोहकांनी काय नाव दिलंय, मराठी घरांत काही नाव आहे का. तिथे कोण येतं, कशासाठी येतं. कोणती गोष्ट सांगतात. फोडायला सुरुवात झाली आहे का. एक फोटो, तारीख. बस. कविता नंतर लिहा. नाव नसेल तर तिथल्या लोकांना विचारा, आपण आपलं घुसडू नका. आम्ही 'हत्ती' म्हणायचो त्याला आधी तिथल्या झोपडीतले लोक काहीतरी म्हणत असतील. आम्ही विचारलंच नाही.

दुसरं, आपल्यातल्या चढणाऱ्यांसाठी. देऊळ, दर्गा, चिल्ला, दिव्याची जागा जवळ असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारायचं. पुडीचे ठसे धुवून यायचं. पाण्याच्या बाटल्या, चिक्कीचे कागद परत आणायचे. मोठ्याने गाणी लावायची नाहीत. पावसात शेवाळलेल्या कातळावर जायचं नाही, मधमाश्यांची पोळी असतील तिथे तर नाहीच. एकट्याने जायचं नाही, जाणत्या माणसाशिवाय तर अजिबात नाही. मी ११ वेळा पडूनही धड आहे, कारण खाली गादी होती आणि गादी हलवणारी मैत्रीण होती.

तिसरी सूचना थोडी अवघड आहे. वार्षिक कार्यक्रमात आपण दर वर्षी एका लेखकाला बोलावतो. या वर्षी एका दगडफोड्याला बोलवू या. मदत म्हणून नाही, वक्ता म्हणून. तीच खुर्ची, तीच शाल, तेच मानधन. त्याला दगडाच्या नसेबद्दल बोलू द्या. पाचर, घण, छिन्नी, पहार हे शब्द आपण वहीत उतरवून घेऊ, वड्डेरा बोलीत त्यांना काय म्हणतात तेही. भाषेचं मंडळ आहोत ना आपण? मग हे शब्द मरण्याआधी आपल्या कानावर पडायला नकोत? याने त्या अण्णाच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, मला माहीत आहे. त्याचं काम परत येणार नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न निदान आपल्या सभागृहात विचारला जाईल. आणि उद्या आपण कुठल्या दगडासाठी सही-मोहीम काढली, तर त्यात त्याच्या लोकांना शत्रू ठरवणारं वाक्य आपण लिहिणार नाही.

मी त्याला विचारलं आहे. तो म्हणाला, "मैं क्या बोलता?" मी म्हटलं, "जे मला सांगितलंत तेच." तो हसला. नाही म्हणाला नाही.

सह्याद्रीवर लिहू नका असं माझं म्हणणं नाही. ज्याने पाहिलाय, ज्याच्या आजोळचा तो आहे, त्याने जरूर लिहावं. माझ्या त्या २४ ओळी मात्र मी पुढच्या संग्रहातून काढून घेतल्या आहेत. त्याजागी 'हत्ती'ची एक नोंद देणार आहे. काकूच्या सोसायटीतल्या जुन्या वॉचमनकडून जागा नक्की करून घेतली, उंची अंदाजाने लिहिली, आमच्याकडे मागे काढलेला एक फोटो निघाला, त्यात मी घाबरून दगडाला पोट चिकटवून उभी आहे. खाली लिहिलंय: 'आता नाही.' दगडवहीचं पहिलं पान ते असेल. दुसरं पान तरी उभ्या असलेल्या दगडाचं असावं अशी इच्छा आहे.

मौला-अलीच्या कवीला मी दुसरं पान दिलं आहे. तो म्हणाला, "गुट्ट्यावर काय लिहू?" मी म्हटलं, "आधी विचारून ये."

येत्या रविवारी सकाळी ६ वाजता कॉलेजच्या मोठ्या फाटकाशी जमू. पाण्याची बाटली, टोपी आणि वही आणा. चढायचं नसेल तरी या, चढणारे ४ आणि लिहिणारे ४० असले तरी चालेल. ९ च्या आत परत येऊ, त्यानंतर दगड तापतो.

(तृतीय वर्ष, बी. ए.)